आधी वाऱ्याला वाट, मग पंखा

एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे:

"सांगलीजवळ माधवनगरला आमचे दुमजली घर बांधून होत आहे. तळमजल्यावर १२ बाय २० फुटांचा हॉल, ९ बाय १० चे स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर ११ बाय १२ च्या दोन बेडरूम आणि पाहुण्यांसाठी एक लहान खोली. खालचा स्लॅब पडून झाला आहे, वरचा बारा दिवसांनी पडेल. सध्या आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर राहतो. तिथे उन्हाळ्यात पंखा पाचावर ठेवूनही रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून नव्या घरात चांगल्यातले चांगले पंखे घ्यायचे ठरवले आहे. दुकानदार म्हणतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रशविना डीसी मोटरचे पंखे) घ्या, पंख्यांचे बिल निम्म्याहून खाली येईल. भाऊजींना हॉलमध्ये दिव्यांचा शोभेचा पंखा हवा आहे. कंत्राटदार म्हणतो, खिडक्यांवरचे व्हेंटिलेटर आता कोणी ठेवत नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. जुने चार पंखे आमच्याकडे आहेत. कोणत्या कंपनीचे, किती आणि केवढे पंखे घ्यावेत? की सरळ एसीच बसवावा?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पंख्यांविषयी बरेच काही विचारले आहे. पण माझे लक्ष अडकले ते रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही या वाक्यावर. त्या झोपमोडीचा दोष तुम्ही पंख्याला देत आहात आणि म्हणून नव्या घरासाठी अधिक चांगला पंखा शोधत आहात. तुमच्या भाड्याच्या घरातला पंखा कदाचित अगदी ठीक असेल. येत्या उन्हाळ्यात एकदा रात्री नऊ वाजता स्टुलावर उभ्या राहून छताला तळहात लावून पाहा. दिवसभर उन्हात तापलेला काँक्रीटचा स्लॅब त्या वेळीही तव्यासारखा गरम लागेल, आणि ही साठलेली उष्णता तो मध्यरात्र उलटेपर्यंत खाली सोडत राहतो. पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त हवा हलवतो, त्या हवेने अंगावरचा घाम सुकतो आणि आपल्याला गार वाटते. छताला चिकटून असलेली गरम हवाच तो पुन्हा पुन्हा अंगावर आणत असेल, तर पाचावर काय आणि दहावर काय, फरक पडायचा नाही.

तेव्हा पंख्यांची खरेदी हे शेवटचे काम आहे, ते सहा महिन्यांनी केले तरी चालेल. स्लॅब पडायच्या आधीच्या या बारा दिवसांत जे करता येईल, ते मात्र पुढे हातोडा, छिन्नी आणि मनस्ताप यांशिवाय करता येणार नाही. म्हणून उत्तराचा क्रमही तसाच ठेवतो.

सर्वांत आधी वरच्या मजल्याचे हूक. स्लॅब ओतण्यापूर्वी सळईच्या जाळीत फॅन बॉक्स, म्हणजे हूक ज्यात बसतो तो डबा, आणि हूक बांधून ठेवतात. हा हूक किमान १० आणि शक्यतो १२ मिलिमीटरच्या सळईचा असावा, त्याची दोन्ही टोके स्लॅबच्या सळईखाली नव्हे, तर सळईवरून वळवून तारेने घट्ट बांधलेली असावीत, आणि काँक्रीट आत शिरू नये म्हणून बॉक्समध्ये कागदाचे बोळे ठासलेले असावेत. हे सगळे गवंडी जाणतात. जे ते जाणत नाहीत ते म्हणजे तुमचा पलंग कुठे येणार. खोलीच्या दोन कर्णांना दोऱ्या लावायच्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे हूक सोडायचा, ही त्यांची पद्धत असते. सांगलीच्या विश्रामबागेतले माझे स्वतःचे घर १९९२ साली बांधले तेव्हा मीही याच मध्यबिंदूवर विसंबून राहिलो. पुढे एका भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट आले, पलंग साहजिकच दुसऱ्या भिंतीला सरकला, आणि पुढची वीस वर्षे पंख्याचा भरपूर वारा पलंग आणि कपाट यांच्यामधल्या मोकळ्या जागेला मिळाला. विजेच्या कामांवर देखरेख करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या घरात हे घडले, म्हणून सांगतो: प्रत्येक खोलीत कपाट कुठे आणि पलंग कुठे हे आधी कागदावर आखा, कपाटाची खोली वजा करा आणि उरलेल्या मोकळ्या जागेचा मध्य काढून हूक तिथे धरा. खोलीत पोटमाळा येणार असेल तर पात्याचे टोक त्याच्यापासून दीड-दोन फूट तरी दूर राहील असे पाहा, कारण माळ्यावरची पेटी काढायला चढलेल्या माणसाचा हात पात्यात जाण्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

खालच्या हॉलचा स्लॅब होऊन गेला आहे आणि त्यात बहुधा मधोमध एकच हूक असणार. १२ बाय २० च्या हॉलला एक पंखा पुरत नाही, मग तो ५६ इंची घेतला तरीही. मधले चार जण गारव्यात बसतात आणि दोन टोकांचे पदराने वारा घेतात. या हॉलचे १२ बाय १० चे दोन तुकडे आहेत असे समजा आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक, असे ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरचे दोन पंखे लावा. ते आखूड भिंतींपासून पाच-पाच फुटांवर आणि एकमेकांपासून दहा फुटांवर येतील. पडलेल्या स्लॅबला यासाठी अँकर फास्टनर (काँक्रीटच्या छिद्रात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारून हूक बसवता येतो. ते काम वायरमनच्या उमेदवाराकडून न करवता जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. छिद्र गिलाव्यात नव्हे तर घट्ट काँक्रीटमध्ये पुरेशा खोलीपर्यंत जायला हवे, सळई लागली तर जागा दोन इंच सरकवायला हवी, आणि फास्टनर बसल्यावर एका धडधाकट माणसाने हूकला लोंबकळून पाहायला हवे. पंख्याचे वजन चार-पाच किलोच असते. पण तो वर्षानुवर्षे रोज तासन् तास थरथरत असतो आणि त्याच्याखाली माणसे झोपतात. हॉलला पुढे पीओपीचे छत करायचा विचार असेल तर हूक मूळ स्लॅबलाच हवा, पीओपीच्या पट्ट्यांना पंखा टांगू नये.

उंचीचे गणित सोपे आहे. पाती जमिनीपासून आठ ते साडेआठ फुटांवर आणि वरच्या छतापासून किमान एक फूट खाली असावीत. पाती छताच्या फार जवळ आली की वरून खेचायला पंख्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो नुसता गरगरतो. तुमची स्लॅबची उंची दहा फूट असेल तर पंख्यासोबत येणारा नेहमीचा दांडा पुरेल. पीओपीने छत नऊ फुटांवर आणले, तर मूळ स्लॅबपासूनचे अंतर मोजून दांडा वेगळा घ्यावा लागेल. अशा वेळी पंख्याच्या भोवतीचा चौकोन पीओपीविना मोकळा सोडणे मला अधिक पसंत आहे.

बारा दिवसांतले दुसरे काम जिन्याचे आहे. गच्चीवर जिथे जिना उघडतो ती लहान खोली बहुतेक घरांत चारी बाजूंनी बंद करून टाकतात, आणि तिथेच घरातली सगळी गरम हवा वर चढून कोंडून राहते. तुमच्या घरातला उभा धुराडा हा जिनाच आहे, त्याचा उपयोग करून घ्या. त्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीत, अगदी छताला लागून, तीन फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी लूव्हरची, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची खिडकी ठेवा. तिला पाऊस आत न येण्यासाठी वर सज्जा आणि वटवाघळे, मांजरे यांच्यासाठी जाळी लावा. पूर्व अशासाठी की आपल्या भागात उन्हाळ्याच्या दुपारनंतर आणि पुढे पावसाळ्यातही वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला खिडकी असली की आतली हवा ओढली जाते, समोरच्या बाजूला असली तर वर चढलेली गरम हवा पुन्हा घरात ढकलली जाते. या एका खिडकीला दोन उंची पंख्यांइतकाही खर्च येणार नाही.

आता व्हेंटिलेटर. तुमचा कंत्राटदार खोटे बोलत नाही, हल्ली ते खरोखरच कोणी ठेवत नाही. पण ते का ठेवत नाहीत, हे पाहायला हवे. लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीच्या वर आणखी एक चौकट बसवणे त्याला कटकटीचे आणि खर्चाचे पडते, आणि त्यातून धूळ येते अशी घरमालकांची तक्रार असते. धूळ येते हे खरे आहे. परंतु खिडकीच्या वरच्या कडेपासून छतापर्यंतच्या अडीच-तीन फुटांत साठलेल्या गरम हवेला दुसरी वाटच नसते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत भिंती दोन-दोन फूट जाड, वर मातीचे माळवद आणि मधोमध चौक असे, त्यामुळे झरोका लहान असला तरी भागत असे. आपण भिंत सहा इंचांवर आणली, माळवदाऐवजी काँक्रीट घातले आणि झरोकाही काढून टाकला, हे मला कधीच पटलेले नाही. वरच्या मजल्याच्या भिंती अजून उभ्या राहायच्या आहेत, तेव्हा दोन्ही बेडरूममध्ये खिडकीच्या समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत, छतापासून सहा इंच खाली, दोन फूट बाय एक फुटाचा उघडझाप होणारा व्हेंटिलेटर आग्रहाने ठेवून घ्या. दुपारी धूळ उडत असताना तो बंद करावा, संध्याकाळी उघडावा.

खिडक्यांबद्दलही इथेच सांगतो. राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किती असावे याचे प्रमाण दिले आहे: कोरड्या उष्ण हवामानात किमान एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश. तुमची बेडरूम १३२ चौरस फुटांची आहे, म्हणजे एक दशांशाने तेरा आणि एक षष्ठांशाने बावीस चौरस फूट. चार बाय चारची एक खिडकी सोळा चौरस फुटांची झाली, कागदावर जमले. पण ती स्लायडिंगची असेल तर एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो, आणि डासांच्या जाळीतून जाताना वारा आणखी मंदावतो. प्रत्यक्षात पाच-सहा चौरस फुटांचे काम होते. झडपांची खिडकी पूर्ण उघडते, झडप वाऱ्याच्या दिशेला धरली तर बाहेरून जाणारा वारा आत वळवतेही. स्लायडिंग हवीच असेल तर एका खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत दोन खिडक्या ठेवा, एकाच भिंतीत एक मोठी ठेवू नका. आत यायला आणि बाहेर पडायला दोन निराळी तोंडे नसतील तर वारा दारातूनच परत जातो. नेमके काय होते ते कळायला उपकरण लागत नाही: भिंती झाल्या की संध्याकाळी पाचच्या सुमारास प्रत्येक खिडकीपाशी एक पेटती उदबत्ती धरा. धूर आत वळतो की बाहेर जातो की सरळ वर चढतो, ते पाहिले की त्या खिडकीची लायकी समजते.

यात एक पेच आहे, तो लपवत नाही. वारा पश्चिमेचा आणि दुपारचे रणरणते ऊनही पश्चिमेचेच. खिडकीवरच्या सज्जाने दक्षिणेचे उंच ऊन अडते, पण चार वाजताचे तिरपे ऊन सज्जाखालून सरळ आत येते. त्यामुळे पश्चिमेची खिडकी उभी आणि अरुंद ठेवावी, तिच्या बाहेरच्या बाजूला बांबूच्या चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा सोडायला हूक लावून ठेवावेत, आणि जागा असेल तर अंगणात त्या बाजूला कडुनिंबाचे किंवा शेवग्याचे झाड लावावे. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलेच असते, म्हणून बाहेरून.

वरच्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा थर) होईल तेव्हा त्याचा शेवटचा थर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा करून घ्या. ते खर्चात बसत नसेल तर कोब्यावर दर वर्षी गुढीपाडव्याच्या आधी चुन्याचे दोन हात मारा. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकतो, आणि रात्री नऊला छताला हात लावला तर हा फरक तळहाताला कळतो. हल्ली सांगलीत जो तो गच्चीवर पत्र्याची शेड टाकतो. सावली म्हणून ती चांगलीच आहे, मात्र पत्रा डोक्याच्या वर राहील इतका उंच आणि चारी बाजू मोकळ्या हव्यात, नाहीतर तापलेल्या पत्र्याखालची हवा कोंडते आणि एका भट्टीच्या दोन होतात.

घर राहते झाल्यावर खिडक्यांचे वेळापत्रक पाळावे लागेल. चैत्र-वैशाखात दुपारी ३८-४० पर्यंत गेलेला पारा आपल्याकडे पहाटे बऱ्याच वेळा २२-२४ पर्यंत उतरतो. ही पहाटेची गार हवा फुकट मिळते. सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या आणि पडदे बंद करावेत, सूर्य मावळला की व्हेंटिलेटर आणि जिन्याच्या खिडकीसकट सगळे उघडावे. दुपारी 'हवा यावी' म्हणून खिडक्या उघड्या टाकणे ही आपली चुकीची सवय आहे, कारण त्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा अधिक तापलेली असते.

आता पंख्यांकडे येऊ. कंपनीचे नाव या सदरात मी देत नाही. लेबल कसे वाचावे ते सांगतो, म्हणजे नावाची गरज पडणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन सक्तीचे आहे. खोक्यावर तीन आकडे शोधा: पाती फिरतात तो व्यास मिलिमीटरमध्ये, दर मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली जाते तो आकडा, आणि वॅट. चांगला १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २१० ते २३० घनमीटर हवा देतो. हवेच्या आकड्याला वॅटने भागले की सेवामूल्य येते, आणि ते जितके अधिक तितके तारे अधिक. पात्यांचा रंग, सोनेरी किनार आणि डब्यावरचे 'सुपर हाय स्पीड' हे शब्द यांचा या भागाकाराशी संबंध नाही. फेऱ्या जास्त म्हणजे हवा जास्त असेही नसते, बहुधा आवाज जास्त असतो.

दुकानदार बिल निम्म्याहून खाली येईल म्हणतो, तेव्हा तो बीएलडीसीच्या ३० वॅटची तुलना ७५ वॅटच्या जुन्या पंख्याशी करतो. आज दुकानात मिळणारा एक ताऱ्याचा साधा पंखाही पन्नास वॅटच्या आसपासचा असतो, म्हणून नव्याची तुलना नव्याशीच करायला हवी. फरक सुमारे २० वॅटचा धरू. तुमच्या बेडरूमचा पंखा दिवसाला १२ तास, वर्षातले २७० दिवस चालला, तर तास झाले ३,२४० आणि वाचलेली वीज साधारण ६५ युनिट. सगळे आकार धरून युनिटला आठ रुपये मोजले तर वर्षाला सव्वापाचशे रुपये. बीएलडीसीसाठी हजार-बाराशे रुपये जास्त मोजले असतील तर ते दोन-सव्वादोन वर्षांत वसूल होतात, आणि पंखा दहा वर्षे टिकतो असे धरले तर सौदा चांगलाच आहे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मात्र वर्षाला शंभर तास चालेल. तिथे वाचतील दोन युनिट, म्हणजे सोळा रुपये. तिथे बीएलडीसी लावणे म्हणजे वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी रोजचा रतीब लावणे होय.

तेव्हा हॉलमध्ये दोन, दोन्ही बेडरूममध्ये एकेक आणि सासूबाईंच्या खोलीत एक असे पाच बीएलडीसी पंखे घ्यावेत, सगळे ४८ इंची. त्यांचे आणखी दोन गुण आपल्या उपयोगाचे आहेत. विजेचा दाब उतरला तरी त्यांचा वेग फारसा कमी होत नाही, आणि इन्व्हर्टरवर ते अधिक वेळ टिकतात. दोषही सांगायला हवा. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असते, वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दाब उसळला की ते जाऊ शकते, आणि मग कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याचा उपयोग नसतो. म्हणून सांगली-मिरजेत त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारा, आणि कार्डावर हमी किती वर्षांची आहे ते बिलावर लिहून घ्या. या पंख्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही; वायरमनला आत्ताच सांगा, म्हणजे त्या खोल्यांच्या बोर्डात तो रेग्युलेटरऐवजी नुसते बटण बसवील. रिमोट हरवला तरी बटणाने पंखा चालतो की नाही, ते दुकानात करून पाहा. सासूबाईंच्या खोलीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

जुन्या चार पंख्यांपैकी एक पाहुण्यांच्या खोलीत आणि एक पुढच्या पडवीत लावा. ते मंद चालत असतील तर भंगारात देण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा त्यांचा कपॅसिटर मेलेला असतो, तो थोड्याच रुपयांत बदलून मिळतो आणि पंखा पुन्हा तरणा होतो. उतरवताना एकच काळजी घ्या, प्रत्येक पंख्याची तीन पाती दोरीने एकत्र बांधून त्यावर नंबर टाका. पाती वजनाने जुळवलेली असतात. एकाची दुसऱ्याला गेली की पंखा डोलतो, आणि मग सगळे हूकला दोष देत बसतात.

भाऊजींच्या दिव्यांच्या पंख्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. शोभेच्या पंख्यांची पाती दिसण्यासाठी घडवलेली असतात, त्यांचा हवेचा आकडा बहुधा कमी आणि किंमत तिप्पट असते. भाऊजींचे मन राखायचे असेल तर जेवणाच्या टेबलावर तो लावू द्यावा, बसायच्या जागी नको. दिव्यांविषयी एक सूचना मात्र सगळ्या खोल्यांसाठी आहे: दिवा पात्यांच्या वर येईल असा कुठेही ठेवू नका, नाहीतर वाचताना पानावर सावल्या फडफडत राहतात आणि डोके दुखते.

सासूबाईंची खोली तळमजल्यावर आहे हे उत्तम झाले, कारण तिच्या डोक्यावर तापलेला स्लॅब नाही. पंख्याचा झोत थेट त्यांच्या छातीवर-तोंडावर येऊ नये म्हणून पंखा त्यांच्या पायांकडच्या अर्ध्या भागावर येईल असा फास्टनर मारा आणि रात्री वेग कमीच ठेवा. दर पंधरवड्याला पाती ओल्या फडक्याने पुसावीत. पात्यांच्या कडेला जमणारी काळी धूळच पंखा सुरू केल्यावर खाली येते, आणि दम्याच्या माणसाला तीच बाधते. पुसायला जुनी उशीची खोळ पात्यावर चढवून मागे ओढली की धूळ खोळीत पडते, गादीवर पडत नाही.

त्यांच्या त्रासाचा दुसरा उगम स्वयंपाकघरात असतो. मिरचीची फोडणी पडली की ठसका घरभर जातो, तो जाऊ नये म्हणून एक्झॉस्ट पंखा हवाच. तुमच्या स्वयंपाकघरात साधारण पंचवीस घनमीटर हवा मावते, ती तासात पंधरा वेळा बदलायची तर पावणेचारशे-चारशे घनमीटर काढावी लागेल. प्रत्यक्षात झडपांमुळे आणि चिकटणाऱ्या तेलकटपणामुळे आकडा घटतो, म्हणून तासाला पाचशे-सहाशे घनमीटर लिहिलेला आठ-नऊ इंची पंखा घ्या. तो शेगडीच्या जवळ, उंचावर आणि दाराच्या समोरच्या भिंतीत बसवा. पुष्कळ घरांत खिडकीच्याच वरच्या चौकटीत एक्झॉस्ट बसवतात आणि तो चालू असताना खालची खिडकी उघडी ठेवतात. मग पंखा त्या खिडकीतलीच ताजी हवा ओढून बाहेर टाकतो आणि फोडणीचा धूर जागच्या जागी राहतो. एक्झॉस्ट चालू असताना त्याच्या शेजारची खिडकी बंद आणि समोरचे दार उघडे असावे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून ओट्याखाली बाहेर उघडणारी जाळीची एक लहान खिडकी ठेवा. गॅसचा वास आला तर एक्झॉस्टचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारे-खिडक्या हातांनी उघडा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा.

न्हाणीघराला सहा इंची एक्झॉस्ट पुरतो, पण दाराच्या खाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवायला सुताराला सांगा. आत हवाच येणार नसेल तर पंखा बाहेर काय टाकणार? तुम्ही गॅस गीझरचा उल्लेख केलेला नाही, तरी सांगतो, कारण आपल्याकडे ते सर्रास बसवतात. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवायचाच नाही. बंद जागेत गॅस अपुऱ्या हवेवर जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस मदतीसाठी हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. एक्झॉस्ट आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आत येणारी हवा कमी पडली तर पंखा जळलेला वायू उलट आतच खेचू शकतो. गीझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत ठेवावा आणि पाइप आत न्यावा.

एसीचे म्हणाल, तर एका बेडरूममध्ये त्याच्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट, पाण्याच्या नळीसाठी उतार असलेला पाइप आणि बाहेरच्या युनिटला जागा आत्ताच ठेवा. यंत्र मात्र एक उन्हाळा त्या घरात काढून मगच घ्या. कोरड्या उन्हाळ्यात खिडकीशी लावलेला कूलरही माधवनगरला चांगले काम देईल, पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, सळई बांधून झाल्यावर, यजमानांना घेऊन स्वतः वर जा. प्रत्येक हूक दोन भिंतींच्या रेषांपासून किती फुटांवर आहे ते फीत लावून मोजा, कागदावर मांडा आणि फीत दिसेल असा फोटो काढा. पुढे पीओपीवाला, सुतार आणि वायरमन तिघेही तुमच्याकडे हाच कागद मागतील.

कळावे.